खोली सोडताना दोन ओळी

आमची विजयश्री आत्या खुर्चीत बसते ती फक्त चहा गरम असेपर्यंत. चहा संपला की उठली. फोन आला की उठली. फोन नाही आला तर कुणाला तरी लावायला उठली. तिच्या चपला दारात कायम बाहेरच्या दिशेला तोंड करून असतात. मोशीत आमच्या समोरच्या दाराआड ती एकटी राहते, जेवायला आमच्याकडे येते, आणि निम्मी पोळी स्वयंपाकघरात तर निम्मी गॅलरीत संपवते. तिला स्थळं यायची तेव्हा ती मुलाला आधी विचारायची, "जागा कितव्या मजल्यावर? पार्किंग झाकलेलं का उघड्यावर?" बाबा सांगतात, दोन स्थळांशी लग्न जमलं नाही, पण त्या दोघांना फ्लॅट मात्र तिनंच मिळवून दिले.

धंदा एजंटचा. "एजंट म्हणायचं नाही," ती आम्हाला दटावते, "प्रॉपर्टी कन्सल्टंट." आणि पुढच्याच फोनवर, "हां, मी मोशीची एजंट बोलतेय."

फोन तिचा कायम स्पीकरवर, कारण हातात कायम किल्ल्या. त्यामुळे तिची गिऱ्हाइकं आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहेत, आणि तिचे तीन आवाजही. पहिला आवाज हिंजवडीच्या नोकरदारांसाठी, पातळ आणि हवेशीर: "हाय सर, विजयश्री हियर. व्ह्यू बघा सर. सकाळी खिडकी उघडली की नुसता पॉझिटिव्हपणा." दुसरा चाकणला शेड शोधणाऱ्या कारखानदारांसाठी, छातीतून निघालेला: "शेठ, शेड तयार आहे. थ्री-फेज आहे, कंटेनर आत वळतो. नाही वळला तर मी स्वतः वळवून देते." आणि तिसरा कंपनीत नव्यानं लागणाऱ्या पोरांसाठी. त्यांना ती नावही विचारत नाही, आधी गाव विचारते. "कुठला रे तू? जिंतूरचा? जेवलास? नको जेवूस. आधी खोली बघ. भरल्या पोटी कुठलीही खोली आवडते."

या तीन आवाजांचेच पुढे तीन ब्लॉग झाले. झालं असं की सात वर्षांपूर्वी बोलून बोलून तिचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस तोंड बंद. आत्याला तोंड बंद म्हणजे चालत्या मशीनचा पट्टा काढण्यासारखं. ती घरात पाटीवर लिहून भांडायला लागली. शेवटी बाबांनीच तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाले, "अक्का, रोज तेच तेच सांगतेस, ते एकदा इथं लिही आणि लोकांना लिंक पाठव." मग फ्लॅटवाल्यांसाठी 'मोशीत घर', कारखानदारांसाठी 'शेड आणि गाळे', आणि पोरांसाठी 'चाकणची खोली'. तिन्ही एका फुकट जागेवर. घसा पंधरा दिवसांत सुटला, ब्लॉग मात्र सुटले नाहीत.

पहिले दोन तिचं घर चालवतात. तिसरा कशासाठी आहे ते आम्हाला आधी कळायचं नाही, कारण खोलीच्या पोरांकडून ती दलाली घेत नाही. त्याऐवजी तिची एक अट असते. खोली सोडून जाशील त्या दिवशी त्या खोलीच्या पोस्टखाली दोन ओळी लिहून जायच्या. राहत असताना नाही, सोडतानाच. खोली कशी होती, मालक कसा होता, खरं काय ते. "दोन ओळी लिहिल्या नाहीस," ती बजावते, "तर तुझ्या गावात येईन आणि तुझ्या आईला सांगेन." पोरं लिहितात.

त्या प्रतिक्रिया वाचणं हा आमच्या घरातला टीव्ही आहे. नाणेकरवाडीतल्या एका खोलीखाली कुणी कणकवलीचा पोरगा लिहून गेलाय: "पंखो फिरता, वारो येना नाय. बाकी झकास." त्याच्या खाली परभणीकडचा: "मालक चांगला माणूस हाय, पण लाईट गेली की मालक बी जातो. दोघं संगंच येतेत." मेदनकरवाडीतल्या एका खोलीखाली फक्त एवढंच: "रात्रपाळी असेल तर घेऊ नका. शेजारी मिरची कांडप आहे. मी तीन महिने शिंकत झोपलो." गावाहून येणारं पोरगं एसटीत बसल्या बसल्या हे वाचतं आणि चाकणला उतरायच्या आधीच त्याला कळलेलं असतं, कुठं जायचं आणि कुठं नाही. आत्या त्या खोलीचं कितीही कौतुक लिहो, वाचणारे थेट खाली जातात. तिला त्याचा अजिबात राग नाही. "मी काय, मी एजंट," ती म्हणते. "मी चांगलंच लिहिणार."

तर गेल्या महिन्याच्या सुरुवातीला आत्या नेहमीप्रमाणे उभ्यानं ब्लॉग उघडून बघत होती, आणि वर एक लाल पट्टी आली. ही सेवा महिनाअखेरीस बंद होत आहे. आपला मजकूर दुसरीकडे न्यावा. सामान बांधून नेण्यासाठी एक बटण दिलं होतं, ते दाबलं की तिन्ही ब्लॉगची एक मोठी फाईल हातात येणार. पोस्ट, फोटो, प्रतिक्रिया, सगळं आत बांधलेलं. प्रश्न एवढाच होता की नव्या जागी ते सामान उतरवून कोण घेणार.

आत्यानं पट्टी वाचली, परत वाचली, आणि म्हणाली, "मला घर सोडायला सांगतायत. मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कासारवाडीला सुजितकडे गेली. माझा क्लास त्याच गल्लीत, म्हणून मी गाडीवर मागे होते आणि क्लास सुरू व्हायच्या आधी वर चढले. सुजित लोकांना वेबसाइट करून देतो. त्याचं ऑफिस रेल्वे स्टेशनला लागून आहे. गाडी गेली की तो वाक्य अर्ध्यात थांबवतो, एक बोट वर धरतो, आणि गाडी गेल्यावर नेमक्या त्याच शब्दावरून पुढे जातो. त्याच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'बेसिकली' येतं.

"बेसिकली ताई, तुमचा ब्रँड विखुरलेला आहे. तीन ब्लॉग कशाला? आपण एकच भव्य साइट करू. वर तुमचा फोटो. मग फ्लॅट, मग शेड, आणि खोल्या बेसिकली—" बोट वर. लोणावळा गाडी धडधडत गेली. "—खाली कोपऱ्यात."

"एकच दार?" आत्यानं विचारलं.

"एकच दार. ग्रँड एंट्रन्स."

"अरे, फ्लॅट बघायला आलेल्या बाईला मोरी कॉमन असलेली खोली दिसली तर ती पळेल. आणि खोलीवाल्या पोराला स्विमिंग पूल दिसला तर तो त्याच्याही आधी पळेल."

"मग खोल्या काढून टाकू. त्यातून बेसिकली तुम्हाला येतं काय?"

आत्या खिडकीशी गेली, परत आली. "आणि पोरांच्या प्रतिक्रिया?"

"त्या नकोतच ताई. निगेटिव्हिटी. मी कुणाच्याच साइटवर प्रतिक्रिया ठेवत नाही. स्वच्छ राहतं."

"दुसरं काही आहे का रे तुझ्याकडं?"

"आहे एक जुनं, साधं. एकाच लॉगिनवर हवे तेवढे ब्लॉग निघतात, प्रत्येकाचं वेगळं. पण दिसायला," आणि सुजितनं दात दुखल्यासारखा चेहरा केला, "रिटायर्ड लोक वापरतात ताई. कवितांसाठी."

आता इतकं ऐकून कुणीही विचार करायला वेळ मागितला असता. पण आत्याच्या धंद्यात विचार करायला वेळ मागणाऱ्याच्या हातून जागा जाते. जागा बरी वाटली की टोकन देऊन टाकायचं, विचार घरी जाऊन. ती सुजितकडून उठली, दारापर्यंत गेली, परत फिरली आणि फोनवरून त्याला टोकन पाठवलं.

"ताई, वेबसाइट आहे ही," सुजित म्हणाला. "दुसरं कोण घेऊन जाणार?"

"असं सगळेच म्हणतात. आणि संध्याकाळी फोन येतो, ताई, दिली."

संध्याकाळी फोन आलाच, पण करिष्माचा. ही फक्त प्रॉपर्टीवाल्यांसाठी ब्लॉग चालवायला देणाऱ्या एका कंपनीत आहे. तिचा आवाज ऐकला की वाटतं, कुणी तरी घरात साखरेची गोणी फोडून ठेवली आहे आणि आता मुंग्या येणार.

"हॅलो मॅम, मी करिष्मा बोलतेय मॅम. आपला ब्लॉगिंगचा प्रवास कसा चाललाय मॅम?"

"प्रवास कसला, मला घराबाहेर काढलंय," आत्या गॅलरीतून म्हणाली. "तुमच्याकडं तीन वेगळे ब्लॉग राहतील का? तीन वेगळी दारं?"

"तीन काय मॅम, तीस राहतील मॅम. आमच्याकडे नकाशा आहे, ईएमआय काढायचं यंत्र आहे, आणि आलेली प्रत्येक चौकशी थेट तुमच्या फोनवर. मी तुम्हाला आमच्या हॅप्पी कस्टमर्सचे व्हिडिओ पाठवते मॅम."

व्हिडिओ आले. टाय लावलेले एजंट एकामागून एक येऊन सांगत होते की आमचं आयुष्य बदललं. आत्यानं ते सगळे उभ्यानं पाहिले, डाव्या पायानं जमिनीवर ताल धरत. शेवटच्या एजंटचं आयुष्य बदलायच्या आत तिनं करिष्मालाही टोकन दिलं.

बाबा तेव्हा कंपनीतून येऊन बूट काढत होते. "अक्का," ते म्हणाले, "दोन ठिकाणी टोकन देणाऱ्या गिऱ्हाइकाला तू काय म्हणतेस?"

"अर्धवट म्हणते."

"हां. तेच म्हणायचं होतं, पण तू मोठी आहेस."

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात कुणी ताटावर शांत बसू शकलं नाही. आत्या भात वाढून घ्यायची आणि ताट ठेवून निघून जायची. रात्री सुजितचं बरोबर वाटायचं, सकाळी करिष्माचं. स्पाइन रोडच्या सिग्नलला हेल्मेट वर करून बाबांना फोन करायची, "ज्ञानेश, सुजितच. फिक्स." आणि कुरुळीला पोहोचेपर्यंत, "ज्ञानेश, नको." तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकली की तिला सगळ्यात जास्त विचार सुचतात, आणि तिथं ती रोज अडकते. एका दिवशी तर शेड बघायला आलेल्या शेठला ती पातळ आवाजात म्हणाली, "व्ह्यू बघा सर," आणि शेठनं समोरच्या भंगाराच्या ढिगाकडे बराच वेळ बघितलं.

त्यातच भैरूचा फोन. भैरू जिंतूरकडचा, एक तारखेला चाकणच्या एका कंपनीत रुजू व्हायचं होतं. आवाज असा, की फोनवरूनसुद्धा पोरगं अदबीनं उभं राहून बोलतंय हे कळावं.

"ताई, ते चाकणच्या खोलीचं बघायलो व्हतो. परवा दिसायलं व्हतं, आज नुसती लाल पट्टी यायली. बंद झालं का काय?"

"नाही रे, पट्टीच्या खाली सरकव. आहे अजून."

"दोन खोल्या बघून ठेवल्यात. खालचं वाचायचं राहिलंय. आमच्या गावचा एक पोरगा गेल्ता, त्यानं सांगितलं, वरचं वाचू नको, खालचं वाच."

"बरोबर सांगितलं."

"मग एक तारखेपर्यंत राहील ना ताई ते? मला इथं रेंज नाही राहत. तिकडं आल्यावर निवांत वाचतो."

आत्या एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देते. या वेळी ती तीन वेळा हॉलमध्ये फिरली. "राहील," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर आमच्याकडे बघून म्हणाली, "आता राहायलाच पाहिजे."

आणि जणू कुणी ठरवूनच लावला असावा, असा पाठोपाठ शालनबाईंचा फोन. शालनबाईंच्या नाणेकरवाडीत ओळीनं खोल्या आहेत आणि अंगणभर कोंबड्या. त्यांच्या खोलीखाली चार वर्षांपूर्वी कुणी सांगलीचा पोरगा लिहून गेलाय: "खोली हवेशीर. पण मावशींच्या कोंबड्या आत येतात. एकदा बुटात अंडं सापडलं. बूट घातल्यावर सापडलं." शालनबाई फोनवर अशा बोलतात, की फोन नसता तरी मोशीपर्यंत ऐकू आलं असतं.

"विजू, ते तुझं बंद व्हणार म्हणं?"

"कुणी सांगितलं मावशी?"

"आमच्या नातवानं, सार्थकनं. लई बरं झालं बाई. ते आंड्याचं जाईल एकदाचं. चार वर्सं झाली, जो येतो तो आधी बूट झटकतो."

"पण आलं होतं ना अंडं बुटात?"

"आलं व्हतं, न्हाई कशाला म्हणू. पर आंडं आमचं व्हतं का न्हाई? त्यानं माघारी दिलं का? ते न्हाई लिवलं त्यानं. फुटलं म्हणला. फुटलं का खाल्लं, आमी बघाय गेलो व्हतो काय?"

आत्या हसली नाही. एरवी ती या फोनवर हसून हसून भिंतीला टेकते. शालनबाईंच्या खोल्या वाईट नाहीत, पण चाकणमध्ये असे किती तरी मालक असतील ज्यांना महिनाअखेरीची वाट होती. पोरांनी लिहिलेलं पुसलं जाईल, आणि मग उरेल ते फक्त आत्यानं लिहिलेलं. हवेशीर, प्रशस्त, पाण्याची सोय.

"सगळे खूश आहेत," ती आईला म्हणाली. "मालक खूश, सुजित खूश, ती मॅम-मॅम खूश. पोरांचं कुणालाच नको."

"मग मॅम-मॅमला नीट विचार ना, प्रतिक्रिया येतात का," आई म्हणाली.

"विचारलं. म्हणते, मॅम, आम्ही त्यावर काम करतोय मॅम." आवाज इतका हुबेहूब निघाला, की माझा घास घशात अडकला. आमच्या घरात हे रक्तातच आहे.

शेवटचा आठवडा लागला तरी तिचं ठरेना. रविवारी आमच्याच बिल्डिंगमधला पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. त्याची किल्ली आमच्याकडे खुंटीला असते, म्हणून आत्यानं त्यांना आमच्याच हॉलमध्ये बसवलं. आईनं चहा केला. आत्या पातळ आवाज लावून बसली होती, म्हणजे सोफ्याच्या कडेवर टेकली होती.

नवरा म्हणाला, "आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, बिल्डिंग एक नंबर."

"ते म्हणणारच हो," आत्या म्हणाली. "आत राहणाऱ्याला कधी विचारू नये. त्याला चांगला शेजार हवा असतो, आणि स्वतःच्या घराला नावं ठेवायला त्याची जीभ रेटत नाही. मी लोकांना सांगते, सोडून गेलेल्याला विचारा. तो—"

आणि ती थांबली. कप ओठाला लागलेला, नजर खुंटीवरच्या किल्ल्यांकडे.

"तो काय?" बायकोनं विचारलं.

"तो खरं सांगतो," आत्या म्हणाली. पातळ आवाज कुठल्या कुठं गेला होता.

नवरा-बायको किल्ली घेऊन वर गेले, फ्लॅट बघून परत आले, तरी ती तिथंच बसलेली. चहा गार झाला होता. आईनं मला खुणेनं विचारलं, बरं नाही का हिला. मग आत्या हळूच म्हणाली, "टाय लावलेल्यांचे व्हिडिओ बघितले मी. राहणाऱ्यांचे. गेलेल्यांना विचारलंच नाही."

मग मात्र ती उठली, आणि अशी उठली की सोफा मागे सरकला.

करिष्माच्या कंपनीतून निघून गेलेला माणूस तिला अर्ध्या तासात सापडला. काळेवाडीचे दादासाहेब, जुने एजंट. मागच्या दिवाळीपर्यंत त्यांच्या नावापुढे त्या कंपनीचा शिक्का असायचा, आता नव्हता.

"दादासाहेब, तुम्ही तिथून निघालात म्हणे."

"निघालो न्हाई ताई, पळालो."

"का हो?"

"आत जाताना ती पोरगी लय गोड. भायेर निघताना कोणच गोड न्हाई. म्हणलं, मी लिवलेलं द्या. दिलं. म्हणलं, लोकांनी खाली जे इचारलंय, जे लिवलंय, ते द्या. तर म्हणं, ते प्लॅटफॉर्मचं हाय. आवो, माझ्या दारात आलेली माणसं, त्यांचं कसं झालं ते? आन् पुढल्या हप्त्यात तीच माणसं मला सांगायला लागली, दादा, आम्हाला दुसऱ्याच एजंटचे फोन यायला लागलेत."

"म्हणजे भिंती तुमच्या आणि माणसं त्यांची."

"व्हय. अगदी तसंच. तुमी टोकन न्हाई ना दिलं?"

आत्यानं तो फोन ठेवला आणि सुजितला लावला. सुजित, तुझ्याकडून सोडून गेलेलं कुणी आहे का, मला बोलायचंय.

"बेसिकली ताई, माझ्याकडून कुणी जातच नाही."

"जात नाही, का जाता येत नाही?"

मागे गाडी वाजली नाही, तरी सुजित थांबला. "म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडे असतात ना. सेफ राहतात."

"किल्ली तुझ्याकडं, घर माझं," आत्या म्हणाली. "सुजित, मी माझ्या गिऱ्हाइकाला असं करू दिलं असतं का रे?"

राहिलं ते जुनं, साधं, कवितावालं. तिथून सोडून गेलेली सायली निघाली. काळेवाडीत हिचं केकचं दुकान, गाळा आत्यानंच मिळवून दिलेला. सायली बोलते तेव्हा मध्ये श्वासाला जागा ठेवत नाही.

"हो ताई सोडलं ना, दिसायला कसं अगदी रेशन दुकान, माझा चॉकलेट केक तिथं टाकला की तो पण सरकारी वाटायचा, शेवटी कंटाळले."

"निघताना त्रास दिला का?"

"त्रास कसला, एक बटण, सगळं बांधून दिलं. माझे दोन होते ना, केकचा वेगळा आणि मेंदीचा वेगळा, लॉगिन एक पण दारं वेगळी, दोन्ही आले."

"लोकांनी खाली लिहिलेलं?"

"ते पण आलं, एक बाई आहे, दर केकखाली विचारते अंडं आहे का, ते तिचं सगळं पण आलं, ते नसतं आलं तरी चाललं असतं खरं म्हणजे."

"सायली," आत्या म्हणाली, "आत जाताना? दुसरीकडचं बांधून आणलेलं सामान घेतात का ते आत? प्रतिक्रियांसकट?"

"घेतात की, मी जुन्या जागेवरून आणलंच होतं तेव्हा, हळू येतं, पण येतं. ताई तुम्ही खरंच जाणार तिथं? दिसायला फार..."

"माहितीये. रेशन दुकान."

त्याच दुपारी तिनं जुन्या जागेचं बटण दाबून सामान बांधलं आणि नव्या जागी उतरवायला लावलं. पडद्यावर एक निळी रेघ मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. आत्या खाली जाऊन भाजी घेऊन आली. रेघ तिथंच. वॉचमनशी उगाच पाण्याच्या टँकरवरून भांडून आली. रेघ थोडी पुढे. आईनं निवडलेली मेथी परत निवडली. बाबा म्हणाले, "अक्का, बस जरा, तू बघितलंस म्हणून ती पळणार नाही." ती म्हणाली, "तू गप बस, मी तिच्याकडं बघतच नाहीये," आणि तिच्याकडेच बघत राहिली.

'मोशीत घर' आलं, पण फोटो आडवे पडले. स्विमिंग पूल भिंतीवर चढलेला दिसत होता. आत्यानं हात झटकला, ते करता येईल सरळ. 'शेड आणि गाळे' आलं, जसंच्या तसं, तिथं वाकडं होण्यासारखं काही नव्हतंच. 'चाकणची खोली' सगळ्यात शेवटी. आधी तिनं लिहिलेल्या पोस्ट दिसल्या, हवेशीर, प्रशस्त. खाली पांढरं. आत्यानं खुर्चीची पाठ धरली. पान पुन्हा उघडलं. पांढरंच. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा खाली काळं दिसायला लागलं, एक ओळ, मग दोन, मग भराभरा. फिरणारा पंखा आला, लाईटबरोबर जाणारा मालक आला, मिरची कांडप आलं. क्रम मात्र उलटा झाला होता, जुन्यातलं जुनं सगळ्यात वर. शालनबाईंच्या खोलीखाली पहिल्याच ओळीत अंडं.

आत्या ते मोठ्यानं वाचून हसायला लागली आणि भिंतीला टेकली. मग डोळे पुसत पुसत परत वाचलं, आणि भैरूला नवी लिंक पाठवून दिली.

दोन्ही टोकनं बुडाली. सुजितनं निदान 'परत करू का' असं विचारलं तरी. आत्या म्हणाली, "राहू दे, मी पण कुठल्या मालकाला टोकन परत करू देत नाही." करिष्मा अजून फोन करते आणि प्रवासाची चौकशी करते. आणि हिंजवडीचे सर लोक अजून विचारतात, मॅडम, तुमची साइट एवढी जुनाट का दिसते. त्यांना आत्या पातळ आवाजात सांगते, "हेरिटेज लुक आहे सर."

एक तारखेला दुपारी भैरूचा फोन आला. चाकणच्या स्टँडवरूनच. मागे कंडक्टर कुणावर तरी ओरडत होता.

"ताई, खालचं वाचलो सगळं. ते शालनबाईचं आहे ना, तेच बघतो."

"अरे, अंड्याचं वाचलंस ना?"

"वाचलो की. म्हणूनच म्हणायलो. आमच्या घरी बी असंच हाय. बाकीच्या खोल्या वाचायलो तर कुठं कांडप, कुठं पंखा. इथं नुसत्या कोंबड्या. करमंल मला."

संध्याकाळी शालनबाईंचा फोन. "विजू, पोरगं गुणाचं धाडलंस. आल्या आल्या कोंबड्यांना दाणं टाकलं. पर ते आंड्याचं आता सगळ्यात वर आलंय म्हणं? तेवढं खाली ढकल की."

"त्याच्यामुळंच आलाय तो, मावशी."

पलीकडे शालनबाईंनी कोंबड्यांना हाकललं. "मंग राहू दे," शालनबाई म्हणाल्या. "पर त्यानं माघारी दिलं न्हाई, ते बी लिव."

"ते तुम्ही लिहा. सार्थकला सांगा, टाइप करून देईल."

तो ठेवते न ठेवते, तोच भैरूचा फोन. "ताई, इथं छान वाटायलं. ते दोन ओळी आताच लिहून टाकू का? नंतर विसरायचो."

"नाही," आत्या म्हणाली. "सोडून जाशील त्या दिवशी. आत असताना लिहिलेलं मी धरत नाही."

आईनं तिच्यापुढे चहा ठेवला होता. कपातून अजून वाफ येत होती. आत्या चपला घालत होती.